मधली खुर्ची

थोरले : बाई चांगल्या दोन मिनिटं बोलत होत्या, धाकटे भाऊ. आणि तुम्ही मला सांगताय नुसतं 'हो'?

धाकटा, थोरल्यांना : त्यांना लांबण लावायची सवय आहे, भाऊ. मतलब एवढाच, की हो, देवावर विश्वास आहे.

थोरले : मध्ये त्या हसल्याही.

धाकटा, थोरल्यांना : आनंदानं हसल्या.

(तिसऱ्या मजल्यावरची शिंपीणबाईंची खोली. खिडकीपाशी शिलाईचं यंत्र, भिंतीला टेकवलेली इस्त्रीची फळी आणि तीन खुर्च्या. एकीवर मिशनचे थोरले भाऊ, तीनच आठवड्यांपूर्वी या देशात बदलून आलेले. एकीवर बाई. मधल्या खुर्चीवर धाकटा, घरदार सोडून परमुलखात सेवेला आलेला, जेमतेम एकवीस वर्षांचा. थोरल्यांची भाषा बाईंना येत नाही, बाईंची थोरल्यांना येत नाही. दोन काठ आणि मधे एकच होडी. होडीच गळकी निघाली तर काठांनी काय करावं?)

थोरले : हे बघा, शिकवणाऱ्यानंच दुभाषी होऊ नये असा दंडक आहे, तो उगाच नाही. तुमचा जोडीदार तापानं पडला नसता, नाहीतर सभागृहात पेटी वाजवणाऱ्या, दोन्ही भाषा येणाऱ्या बाई तरी मोकळ्या असत्या, तर मी तुम्हाला या खुर्चीत बसवलं नसतं. रविवारी बाप्तिस्मा आहे. या कागदावरची माझी सही म्हणजे प्रभूपुढं दिलेला शब्द. पुन्हा विचारा. नीट.

धाकटा, बाईंना : मावशी, ते पुन्हा विचारतायत. देवावर तुमचा विश्वास आहे का?

शिंपीणबाई : बहिरा आहे का तो? आत्ता तर सांगितलं. असेल तर असेल, नसेल तर नसेल. माझ्या नवऱ्याच्या दुखण्यात मी त्याला एकवीस दिवस हाका मारल्या. बहुतेक जेवायला गेला होता. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. देवानं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही म्हणावं. माझं सख्ख्या बहिणीशीसुद्धा बोलणं बंद आहे.

धाकटा, थोरल्यांना : म्हणतात, नवऱ्याच्या आजारपणात त्यांनी एकवीस दिवस देवाला हाका मारल्या.

थोरले : आणि?

धाकटा, थोरल्यांना : आणि तेव्हापासून... देवाशी त्यांचं नातं वेगळंच आहे.

थोरले : वा. असं सांगत चला. आता दुसरा प्रश्न. बाप्तिस्म्यासाठी कुणी भरीस घातलं का? कसला लोभ, कसली भीती?

धाकटा, बाईंना : तुम्ही आपल्या मर्जीनं घेताय ना, मावशी? कुणी काही लोभ दाखवला नाही ना?

शिंपीणबाई : दाखवला की! लिहायला सांग. गेल्या गुरुवारी तो तुझा उंचाडा जोडीदार इथंच उभा होता, टोपी पिळत. म्हणाला, सहा महिने शिकवूनही जो पाण्यात उतरत नाही त्याच्याकडे पुन्हा जायचं नाही, असा वरचा हुकूम आहे. मी म्हटलं, पाणीच ना? उतरते. पाण्याला भिते का मी? अरे, यंत्राची टकटक, घड्याळाची टिकटिक, तिसरं बोलणारं या घरात आहे कोण? सहा दिवस भिंतींशी बोलते, सातव्या दिवशी तुम्ही येता. त्या गुरुवारसाठी मी डोक्यापर्यंत बुडायला तयार आहे. पाणी तेवढं कोमट ठेवा म्हणावं.

धाकटा, थोरल्यांना : नाही म्हणतात. कुणाचा दबाव नाही. स्वखुशीनं.

थोरले : सहा बोटं का दाखवली मग?

धाकटा, थोरल्यांना : सहा महिने झाले ना शिकताहेत.

शिंपीणबाई : काय रे, मी 'हो' म्हटलं आणि तुझी मान आडवी कशी गेली?

धाकटा, बाईंना : आमच्याकडे मान हलवायची रीत वेगळी आहे, मावशी.

शिंपीणबाई : मला शिकवू नकोस. चाळीस वर्षं माणसांचे खांदे मापलेत मी. माप देताना माणूस पोट आत घेतो आणि खोटं बोलताना खांदा वर. तुझा डावा पार कानाला लागलाय. काय सांगितलंस त्याला?

धाकटा, बाईंना : हात जोडतो, मावशी. पुढच्या प्रश्नांना फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणा, मी खूण करीन तसं. दोनच राहिलेत.

थोरले : काय चाललंय तुमचं?

धाकटा, थोरल्यांना : प्रश्नाचा अर्थ विचारतायत.

थोरले : प्रश्न मी अजून विचारलेलाच नाही.

धाकटा, थोरल्यांना : मागच्या प्रश्नाचा.

थोरले : धाकटे भाऊ, मी तुमच्याहून तीनच वर्षांनी मोठा आहे. मीही दारं ठोठावली आहेत, मीही दारात उभ्या-उभ्या शिव्या खाल्ल्या आहेत. मला यांची भाषा येत नाही, पण घाम वाचता येतो. तुमची कॉलर भिजलीय. पाणी कुठंतरी मुरतंय.

धाकटा, थोरल्यांना : कुठं काही नाही. तुम्ही तिसरा विचारा.

थोरले : तिसरा. मनावर एखादं ओझं आहे का, एखादं असत्य, जे उतरवल्याशिवाय माणसानं पाण्यात उतरू नये?

शिंपीणबाई : जमिनीकडे काय बघतोस? काय विचारलं त्यानं?

धाकटा, बाईंना : विचारतायत, मनावर खोटेपणाचं काही ओझं आहे का.

शिंपीणबाई : कुणाच्या? तुझ्या की माझ्या?

थोरले : काय म्हणाल्या?

धाकटा, बाईंना : मावशी, 'नाही' म्हणा ना.

शिंपीणबाई : आधी तू सांग. मघापासून कापड माझं आणि बेतणारा तू. माझ्या नावानं काय शिवलंस?

धाकटा, बाईंना : म्हटलं, तुमचा विश्वास आहे. म्हटलं, तुम्ही स्वखुशीनं घेताय.

शिंपीणबाई : माझ्यासाठी म्हटलंस?

धाकटा, बाईंना : हो.

शिंपीणबाई : खांदा.

धाकटा, बाईंना : माझ्यासाठीही. चौदा महिने झाले, मावशी. सकाळी साडेसहाला उठायचं, गुडघे टेकायचे, वाचायचं, हाताला लागेल ते उभ्यानं गिळायचं, सायकल काढायची आणि दारं. दिवसाला चाळीस दारं. कुणी कुत्रं सोडतं, कुणी पडदा ओढून घेतं. एका गृहस्थानं तर आतून ओरडून सांगितलं, 'घरात कुणी नाही!' चौदा महिन्यांत एकही माणूस नाही, मावशी. घरी बाबा पाळक आहेत. माझं पत्र ते रविवारी उभे राहून साऱ्या मंडळीला वाचून दाखवतात. आणि आई त्यांच्या पत्राच्या तळाला तिची एकच ओळ लिहिते, 'बाळा, काही फळ?' काय लिहू मी तिला? गेल्या आठवड्यात लिहून टाकलं, की एका मावशींचा बाप्तिस्मा आहे. आता रविवारी सगळी मंडळी तुमच्यासाठी उपास धरणार आहे.

शिंपीणबाई : माझ्यासाठी? ओळख ना पाळख!

धाकटा, बाईंना : दोनशे माणसं.

शिंपीणबाई : अरे देवा.

धाकटा, बाईंना : आणि तुम्ही उतरला नाहीत की येणं बंद. साऱ्या आठवड्यात तुमच्याकडचा हा एकच तास असा आहे, की मला कुणी 'निघ' म्हणत नाही.

थोरले : हे भाषांतर नव्हे. तुमचे डोळे भरलेत.

शिंपीणबाई : त्याला म्हणावं, जरा दम धर. आणि तू ऐक. मी खोटं बोलले तर ते एका म्हातारीचं खोटं. माझं वरच्याशी बोलणंच बंद आहे, मला कुणाला जाब द्यायचाय? पण तू रोज सकाळी गुडघे टेकतोस. दिखाव्याचे नाही, खरे टेकतोस. तुझ्या पँटचे गुडघे मी दोनदा रफू केलेत, मला नको सांगूस. उद्या सकाळी टेकलेस की काय बोलणार आहेस त्याच्याशी? मावशीचं जमवून टाकलं म्हणून? माझं तुटलं ते तुटलं. तुझंही तोडायला मी काय तुझी वैरीण आहे?

धाकटा, बाईंना : पण मावशी, गुरुवार...

शिंपीणबाई : गुरुवारचं गुरुवारी. टाका वाकडा पडला तर तिथंच उसवावा. पुढं रेटला की अख्खी बाही वाकडी बसते. अजून दोन-तीनच पडलेत. उसव.

थोरले : मी निघू का, धाकटे भाऊ?

धाकटा, थोरल्यांना : नका निघू. भाऊ, मी खोटं सांगितलं तुम्हाला.

थोरले : कुठलं?

धाकटा, थोरल्यांना : सगळंच.

थोरले : पहिल्यापासून सांगा. त्यांच्या शब्दांत. पदरचं काही घालू नका.

धाकटा, थोरल्यांना : नवऱ्यासाठी त्यांनी एकवीस दिवस हाका मारल्या, ते खरं. पण कुणी आलं नाही. तेव्हापासून बोलणं बंद आहे. म्हणाल्या, बहुतेक जेवायला गेला होता.

थोरले : कोण?

धाकटा, थोरल्यांना : देव.

थोरले : ...पुढं.

धाकटा, थोरल्यांना : पाण्यात उतरतायत ते आम्ही यावं म्हणून. सहा महिन्यांचा नियम माझ्या जोडीदारानं त्यांना सांगितला. त्यांच्याकडे कुणीच येत नाही, भाऊ. लोभ आहे, तो गुरुवारचा.

थोरले : आणि हे तुम्हाला माहीत होतं.

धाकटा, थोरल्यांना : आठवडाभर.

थोरले : तरी मला हे तीन जिने चढवलेत. मी सही केली असती. रविवारी यांचा हात धरून, प्रभूचं नाव घेऊन, मी यांना पाण्यात उतरवलं असतं. कळतंय का काय करायला निघाला होतात तुम्ही?

धाकटा, थोरल्यांना : कळतंय.

थोरले : मला वर कळवावं लागेल. कदाचित तुम्हाला घरी पाठवतील.

धाकटा, थोरल्यांना : कळवा.

शिंपीणबाई : आवाज का चढला त्याचा? काय म्हणतोय?

धाकटा, बाईंना : म्हणतायत, मला कदाचित घरी पाठवतील.

शिंपीणबाई : त्याला सांग, कात्री माझ्याही हाताशी आहे.

थोरले : काय?

धाकटा, थोरल्यांना : म्हणतात, कात्री त्यांच्याही हाताशी आहे.

थोरले : हं. हे तरी सरळ भाषांतर दिसतंय.

धाकटा, थोरल्यांना : शब्दाला शब्द.

थोरले : मग आता हेही शब्दाला शब्द सांगा. मला सही करता येणार नाही. त्यांनी आज तुम्हाला अडवलं, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. आणि... नियमाप्रमाणे आपलं येणंही थांबेल.

धाकटा, थोरल्यांना : शेवटचं तुम्ही सांगा ना, भाऊ.

थोरले : मला यांच्या भाषेत 'पाणी' आणि 'किती' एवढंच म्हणता येतं.

धाकटा, बाईंना : मावशी, रविवारी काही नाही. ते सही करणार नाहीत. तुम्ही मला अडवलंत म्हणून आभारी आहेत. आणि आम्ही आता येणार नाही.

शिंपीणबाई : बरं.

थोरले : काय म्हणाल्या?

धाकटा, थोरल्यांना : बरं.

थोरले : एवढंच?

धाकटा, थोरल्यांना : या वेळी खरंच एवढंच.

थोरले : निघण्यापूर्वी प्रार्थना करू. त्यांना चालेल का विचारा. नको म्हणाल्या तर नको.

धाकटा, बाईंना : निघताना प्रार्थना करू का, मावशी? नेहमीसारखी?

शिंपीणबाई : नेहमीसारखी म्हणजे तुम्ही बोलणार आणि मी डोळे मिटून उद्याची काजं मनात पाडत बसणार. आज शेवटचीच आहे तर मी बोलू का?

धाकटा, थोरल्यांना : विचारतायत, आज मी बोलू का.

थोरले : पण त्यांचा तर विश्वास नाही.

धाकटा, थोरल्यांना : नाही.

थोरले : कुणाशी बोलणार मग?

धाकटा, बाईंना : विचारतायत, कुणाशी बोलणार.

शिंपीणबाई : ओ देईल त्याच्याशी. मी इकडून हाक मारते, पुढचं त्याचं तो बघेल.

धाकटा, थोरल्यांना : म्हणतात, हाक मी मारते, पुढचं त्याचं तो बघेल.

थोरले : ...बोला म्हणावं. तुम्ही मागोमाग सांगत जा.

शिंपीणबाई : अहो. कोण असाल ते. पुष्कळ वर्षांनी बोलतेय, मनात धरू नका.

धाकटा, थोरल्यांना : अहो, कोण असाल ते. पुष्कळ वर्षांनी बोलतेय, मनात धरू नका.

शिंपीणबाई : त्या उंचाड्याचा ताप उतरू द्या. घरापासून लांब आजारी पडणं वाईट.

धाकटा, थोरल्यांना : माझ्या जोडीदाराचा ताप उतरू द्या. घरापासून लांब आजारी पडणं वाईट.

शिंपीणबाई : या पोराला परत धाडू नका. चुकला, पण लगेच उसवलंन. आणि त्या दोनशे माणसांना कुणीतरी कळवा, म्हणावं जेवून घ्या.

धाकटा, थोरल्यांना : या पोराला... भाऊ, हे माझ्याबद्दल आहे.

थोरले : सांगा.

धाकटा, थोरल्यांना : या पोराला परत धाडू नका. चुकला, पण लगेच उसवलं त्यानं. आणि आमच्या मंडळीला कळवा, जेवून घ्या म्हणून.

शिंपीणबाई : मला काही नको.

धाकटा, थोरल्यांना : मला काही नको.

शिंपीणबाई : नाही, थांब. ते खरं नाही. मला गुरुवार हवा.

थोरले : का थांबलात? काय म्हणाल्या?

धाकटा, थोरल्यांना : म्हणाल्या, थांब, ते खरं नाही. मला गुरुवार हवा.

थोरले : आमेन.