शिकारीच्या आदल्या संध्याकाळी आलेला फोन

अहो, मी नाही म्हणालोच नाही! 'काम नाकारलं' म्हणे! काय केलं मी? फोन उचलला. बस. एवढाच गुन्हा!

तुम्हाला सांगतो, सप्टेंबरात लाकूड कापायच्या सॉ मिलने आम्हाला घरी बसवलं, मागणी नाही, काम आलं की बोलावतो म्हणाले, तोवर सरकारचा बेकारी भत्ता. बरं! आता चौदा नोव्हेंबरच्या संध्याकाळी आमच्या या उत्तर मिशिगनात धडधाकट माणूस काय करतो? बंदूक, लोकरी मोजे, बायकोने मांस-बटाटा भरून भाजलेल्या पास्ट्या गाडीत कोंबतो आणि जंगलातल्या झोपडीकडे सुटतो. पंधराला हरणांची शिकार सुरू! शाळा बंद असतात हो त्या दिवशी... शाळा! तर मी गाडी सुरू करतोय, मेहुणा आर्वो, तोही मिलमधलाच, शेजारी बसलाय, आणि वाजला की माझा फोन. आर्वो किंचाळतोय, "मिलचा नंबर आहे, गाढवा! माझा बघ, कधीचा बंद करून ठेवलाय!"

मी उचलला.

नवा मॅनेजर, प्रेंटिस. फ्लोरिडाचा. "अभिनंदन रेनो! उद्या सकाळी सातला कामावर या."

"साहेब, उद्या पंधरा तारीख."

"मग?"

मग?! आता या माणसाला काय सांगायचं? म्हटलं, उद्या कोण येणार हो, सोमवारी येतो, वर जादा तास भरून देतो... "बरं, तशी नोंद करतो," म्हणाला. मला वाटलं, काय समजूतदार माणूस!

नोंद कसली? 'योग्य काम देऊ केले, नाकारले.' भत्ता बंद! जागाही गेली! आणि बाकीचे? सगळ्यांना फोन केला होता त्याने, एकानेही उचलला नाही. सोमवारी दाढ्या वाढवून हजर, "हो का? फोन केला होतात? जंगलात रेंज कुठे, साहेब!" लागले कामाला. निरोपच मिळाला नाही तर नाकारणार कसा? नाकारलं मी. कारण उचलला मी!

घरी डोरीन, आमची बायको. "भत्ता गेला, घर तापवायला तेल नाही. निदान हरीण तरी मारलंस?" ... नाही मारलं. चार दिवस झाडावरच्या मचाणावर गोठलो, दिसल्या त्या खारी!

अपील केलं. सुनावणी कशावर? फोनवर! इथे मात्र उचलावाच लागतो. सुनावणी घेणारी बाई बिचारी चांगली. "काही सबळ कारण? आजारपण? घरात अडचण?"

म्हटलं, "बाई, शिकारीचा पहिला दिवस होता."

मग हळूच, "माझे मिस्टरही गेले होते हो. पण कायद्यात हरीण बसत नाही."

संपलं!

आणि आता ऐका. त्या प्रेंटिसला त्या दिवशी मिलमध्ये एकट्याने बसून अक्कल आली. यंदा फाटकावर पाटी... पंधरा नोव्हेंबर, पगारी सुट्टी! आर्वो पाठ थोपटतोय, "रेनो, तुझ्यामुळे झालं रे हे! मग, येतोस ना यंदा?"

कसा येणार? पेट्रोल पंपावरच्या दुकानात लागलोय मी. तिथे इतर दिवशी मागाल तेव्हा रजा देतात, फक्त पंधराला नाही. का? तर म्हणे, अख्खी मिल शिकारीला निघते, त्यांना कॉफी कोण भरून देणार?