पोलिसांच्या बुटांसकट

दवाखान्यात माझा नंबर लागेपर्यंत शेजारच्या दोन बायकांचं बोलणं फुकटात कानावर पडलं.

"वकिलाचा खून त्या कुलूपवाल्यानंच केलाय, ताई. दाराशी बसून कुलूप उघडतोय मेला! व्हिडिओ आहे ना माझ्याकडे."

"बघितलाय मी. त्याच्या मागे पोलिसांचे बूट दिसतात, ते बघितलेत?"

"बूट? कुठे... अगंबाई, हो की!"

"खून झाल्यानंतरचं आहे ते. दाराला कुलूप होतं, म्हणून पोलिसांनीच बोलावून नेलं."

"तुम्हाला हो कसं ठाऊक?"

"नवरा आहे माझा. पोलीस दार फोडायला निघाले होते. हे म्हणाले, फोडू नका साहेब, खुन्याच्या हाताचे ठसे असतील तर जातील."

"मग खून केला कुणी?"

"मला माहीत नाही, म्हणून मी सांगत नाही. पण तुमच्या व्हिडिओपासून दुकानात चिटपाखरू फिरकत नाही."

"आत्ता पुसून टाकते, ताई!"

"पुसू नका. जिथं जिथं पाठवलात, तिथं खरं काय ते लिहा."

"लिहिते हो... 'पोलिसांनीच बोलावलं होतं.' पाठवू?"

"थांबा. दाराला ओरखडासुद्धा न पाडता उघडलं, तेही लिहा."