जांभळा कवडसा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती बाई, सहकारी शिक्षकवृंद, पालकहो आणि सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या बालदोस्तांनो,

माझे नाव पुकारले गेले तेव्हा शिपाईमामा हळूच म्हणाले, "माइक वाढवू का? नाहीतर यांचं भाषण यांनाच ऐकू यायचं." मामांचे चुकले नाही. लिहून आणल्याखेरीज मला बोलता येत नाही, म्हणून हा कागद.

बाईंची शिकवण्याची रीत आपण जाणताच. घरी निराळी भाषा बोलणाऱ्या चिमुरड्यांना रंगांचे शब्द शिकवायचे, तर ते फळ्यावरच का? बाईंनी याच वर्गाच्या खिडकीला रंगीत जिलेटीनचे कागद चिकटवले. ऊन आले की जमिनीवर कवडसे उतरतात. प्रत्येकाने आपल्या कवडशात उभे राहायचे, रंग ओंजळीत धरायचा आणि त्याचे नाव मोठ्याने सांगायचे.

फक्त जांभळ्या कवडशात कुणी उभे राहत नाही. मी मदतनीस म्हणून आले त्या पहिल्याच दिवशी माझा पाय त्यावर पडणार, तोच एक चिमुरडी म्हणाली, "बाजूनं जा ना. तिथं ती उभी आहे." मामासुद्धा तेवढी फरशी सर्वांत शेवटी झाडतात.

ती कोण? काल, निवृत्तीच्या आदल्या दिवशी, वर्गाच्या किल्ल्या माझ्याकडे सोपवताना बाईंनी सांगितले. फार पूर्वी एक मुलगी रोज तिथे उभी राहायची, ओंजळ धरायची, बोलायची मात्र नाही. एकदा बाई वैतागून म्हणाल्या, "उद्या बोललीस तरच इथं उभी राहा." ती पुन्हा आलीच नाही. "माझ्या एका वाक्यानं पोर शाळेला मुकली," बाई म्हणाल्या. "ती जागा कुणाला देऊ नकोस."

काल मी किल्ल्या घेऊन तशीच घरी निघाले. बाई, ती माझी ताई.

ताईची शाळा म्हणूनच मी इथे नोकरी मागितली होती. तो कवडसा तिचा, हे मात्र मला काल कळले. तेव्हा आम्ही मागच्याच गल्लीत राहायचो. त्या संध्याकाळी तिला ताप भरला. अंथरुणातून ती रिकामी ओंजळ खिडकीकडे धरायची आणि एकच शब्द घोकायची. घरात मराठी कुणालाच येत नव्हते. आईला वाटायचे, पाणी मागते आहे. आई पेला पुढे करायची, ताई मान हलवायची आणि पुन्हा तोच शब्द. त्या तापातून ती उठली नाही. मी तो शब्द अर्थावाचून जपत राहिले. पुढे दुसऱ्या शाळेत रंगांचा धडा आला, तेव्हा अख्ख्या वर्गात मी एकटीच रडले.

शालान्त परीक्षेत मराठीत मी पहिली आले, याचे मघाशी माझी ओळख करून देताना कौतुक झाले. त्या मराठीतला माझा पहिला शब्द ताईचा आहे: जांभळा.

बाई, ती रुसून गेली नव्हती. ती उद्याची तयारी करत होती. हे ऐकून आपले ओझे हलके होईल की दुप्पट, ते मला काल ठरवता आले नाही, आजही आलेले नाही.

अध्यक्ष महोदय, आपण वेळ दिलात, सर्वांनी शांतपणे ऐकले, मी ऋणी आहे. समारंभाला न शोभणारे काही बोलले असेन, तर सांभाळून घ्यावे. जाता जाता एकच विनंती. मघाशी सतरंजीवर असलेला जांभळा कवडसा उन्हाबरोबर सरकत आता सत्काराच्या खुर्चीपाशी आला आहे. बाई, पाय मागे घेऊ नका. तिला शब्द आला आहे. उभी राहू द्या तिला.