कुंभकर्णाचा हात

हॅलो?… हॅलो, कोण?… उषा, तू होय? अगं जरा जोरात बोल. आज अनंत चतुर्दशी ना, गल्लीत सकाळपासून ढोल सुरू आहेत.

नाही गं, सर्दी नाही. ओरडून आवाज बसलाय… कोणावर म्हणजे? तुझ्या लाडक्या भाचीवर. तू बसली आहेस का? मग आधी बस.

सुरभीने झांकी तोडली.

हो, ह्यांच्या मिलची… मिल कधीचीच बंद आहे गं, पण झांकी काढतातच ना जुने कामगार. चंदा करतात, चित्ररथ सजवतात, रात्रभर शहरातून फिरवतात… हो, तीच. दोन महिने हे तिथेच पडून होते, नंदू भिया आणि बाकी जुन्या सोबत्यांबरोबर. या वर्षी कुंभकर्ण केलाय, दीड मजला उंच. बांबू, कागद, कापड. आणि त्याचा उजवा हात वर-खाली होतो, मतलब जांभई देतो तो. ती सगळी मोटार ह्यांनी बसवली. फिटर होते ना मिलमध्ये.

तेच सांगतेय. काल दुपारी ही गेली बाबांचा डबा द्यायला. बरोबर तिची मैत्रीण शिवांगी आणि आणखी दोघी. हे चहाला बाहेर गेले होते. आणि ही चढली… कशावर काय, कुंभकर्णावर. खांद्यापर्यंत. तिथून पुढे हातावर जाऊन बसली, पाय हलवत. खालून ह्या तिघी टाळ्या पिटतायत… हो ना. हात तुटला. मोटारीच्या दांड्यासकट खाली.

नाही, तिला काही नाही झालं. ताडपत्रीचा ढीग होता म्हणून वाचली. कोपर खरचटलं फक्त. पण बाजूला लोखंडी सळया पडल्या होत्या, उषा. हातभर अंतरावर. मी जाऊन पाहिलं स्वतः.

विचारलं ना. शंभर वेळा विचारलं. का चढलीस? "माहीत नाही." सळईवर पडली असतीस तर? "माहीत नाही." बाबांचा तरी विचार आला का मनात? तर भोकाड पसरलं, आणि वर मलाच, "आई यार, सांगितलं ना, नहीं पता."

ती खरंच बोलतेय म्हणतेस?… कसं शक्य आहे? पंधरा वर्षांची घोडी झाली, आणि माहीत नाही?

… हं… कोण डॉक्टर? तुमच्या शाळेत आले होते?… ऐकतेय, तू बोल… कशाचं बांधकाम? डोक्याचं?… हं… म्हणजे जोश येतो तो भाग आधी तयार होतो, आणि थांब, विचार कर, असं म्हणणारा मागून? असं कोणी गाडी बनवतं का गं, ब्रेक न लावताच रस्त्यावर?… मग कधी लागतो तो?… किती? पंचविशीपर्यंत? अगं, पंचविसाव्या वर्षी माझ्या कडेवर सुरभी होती. म्हणजे लग्नाला हो म्हटलं तेव्हा माझं डोकं कच्चंच होतं म्हण की… हसू नको. मला आज हसायला येत नाहीये.

मैत्रिणी बघत असल्या की जास्त?… हो, हे मात्र पटतं. एरवी स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढ म्हटलं तर चक्कर येते बाईसाहेबांना.

आणि झोप? मध्यरात्रीपर्यंत टक्क जागी, सकाळी गदागदा हलवलं तरी उठत नाही. हे म्हणतात एक कुंभकर्ण मिलमध्ये, एक घरात… तेही वयाचंच? या वयात झोपच उशिरा येते?… तुझे डॉक्टर सगळंच माफ करत सुटलेत… माफ नाही? मग काय म्हणणं आहे त्यांचं?

… जवळ ठेवा. बरं. जबाबदारीचं काम द्या, आणि आपण बाजूला उभं राहा… ऐकायला छान आहे गं. पण उशीर झाला, उषा.

अगं, हे तिला खंडव्याला पाठवतायत. जयसिंगरावांकडे, मोठ्या दिरांकडे. उद्याच्या बसने. दहावी तिथूनच करायची म्हणे… मी काय बोलणार? ओरडले असते तर मी पण ओरडले असते. नुसतं म्हणाले, "कुमुदिनी, हिची बॅग भर." तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जेवले नाहीत. उजाडताच निघून गेले.

त्यांचंही काय चुकतं गं? वर्षभर विजय नगरच्या त्या शोरूममध्ये गाडीवाल्यांना दार उघडतात, सलाम ठोकतात. ह्या दोन महिन्यांतच काय ते लोक 'उस्ताद' म्हणतात. आणि काल सगळ्यांसमोर मान खाली. तेही पोटच्या पोरीमुळे. मला दोघांचंही वाईट वाटतंय, सच में. कोणाची बाजू घेऊ?

हो, माहीत आहे मला जयसिंगरावांचं घर. हूं की चूं करायची सोय नाही. कोमेजून जाईल पोरगी. पण कोण सांगणार ह्यांना?

तिच्याशी बोलतेस? थांब, देते. सकाळपासून दार लोटून पडलीय. सुरभी… ए सुरभी, मावशीचा फोन आहे. ऊठ बाळा…

उषा. अगं, ती खोलीत नाहीये.

नाही, बॅग इथेच आहे. चपला नाहीत… नाही गं, शिवांगीकडे कशी असेल, तिला तिच्या आईने कोंडून घातलंय. देवा, मागे खान नदी आहे, उषा… मी कुठे काय म्हणतेय? हो, मीच म्हटलं. ठेव तू, मी बघते कुठे… थांब, थांब, हे आले.

अहो, सुरभी घरात नाही… काय? कुठे?… तुमच्याबरोबर?

उषा, आहेस ना? ती मिलमध्ये आहे… ह्यांच्याही आधी पोचली होती म्हणे. कागद भिजवत बसली होती, हात कोपरापर्यंत चिकट लेईत… एकटी, हो… थांब, रडू दे मला जरा.

अहो, मग जोडला का हात?… हात जोडला गं, पण मोटारीचा दांडा वाकलाय, तो आज सरळ व्हायचा नाही… मग? नंदू भिया काय म्हणाले?… दोरीने? कोण ओढणार दोरी?

अहो, तुम्ही शुद्धीवर आहात ना?

उषा, ऐक हे. कुंभकर्णाच्या पोटात कोणीतरी बसायचं आणि आतून दोरी ओढून हात हलवायचा. मिरवणूक संपेपर्यंत. आत जागा एवढीशी, मोठा माणूस मावत नाही… हो ना, तीच. स्वतःच म्हणाली म्हणे, "बाबा, मी मावते." आणि हे हो म्हणून आले… मी पण तेच म्हणतेय. जिने तोडला तिलाच?

अहो, परत पडली म्हणजे?… कमरेला पट्टा बांधणार म्हणतात. आणि स्वतः तिच्या पायाशी बसणार, ट्रॉलीवर. तिने आवाज दिला की ट्रॅक्टर थांबवायचा, लोक काही का म्हणेनात… हं?… म्हणतात, मिलमध्ये शिकाऊ पोराने मशीन बिघडवलं की त्याला घरी नव्हते पाठवत. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर उभं करायचे, आणि जुना माणूस मागे.

नाही गं बाई, मी कुठे सांगितलं तुझ्या डॉक्टरांचं? आत्ता तर आले.

खंडव्याचं?… विचारते. अहो… आणि ह्या बॅगेचं काय करायचं?

… बॅग उघडतायत… तिचा स्वेटर काढला. म्हणतात, पहाटे वारा लागतो वर. बॅग पलंगाखाली ढकलली, पायाने.

हो… हो गं. मला दिसतंय. तू नको रडू आता, मी थांबवलंय माझं.

चल, ठेवते. दोघांचा डबा करायचाय. आणि उषा, ऐक… या वयात रात्री झोप येत नाही म्हणाले ना ते डॉक्टर? पक्कं म्हणाले ना?… बघ हं. पहाटेपर्यंत सगळ्या इंदूरसमोर जांभया द्यायच्यात कुंभकर्णाला, आणि आत जागी राहायचंय माझ्या पोरीला. ठेवते.