होडीतली पुढची जागा

नाही पण मी म्हणतो, चालवणाऱ्याला मागे बसवायचं ही कुठली पद्धत? उभा जन्म ट्रक चालवला मी, तुम्हाला सांगतो! ड्रायव्हर पुढे, माल मागे, सरळ मामला. आणि या होडीत? वळवणार मागचा! पुढच्याने नुसतं वल्हं मारायचं आणि वाट दाखवायची. मागे कोण, तर माझी नात, अजून मिसरूड फुटलेल्या पोरांशी भांडायच्या वयातली. आणि मी कुठे? पुढे!

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा पोरांच्या सहलीत घुसला कशाला? घुसलो नाही हो! नातीला सोडायला गेलो होतो. सगळी कॉलेजातली पोरंपोरी, जंगलातून होड्यांनी नदी उतरायची, रात्री काठावर तंबू ठोकायचे. नातीने वर्षभर तलावात वल्हं मारून हाताला घट्टे पाडून घेतलेले, आणि नेमकी तिची जोडीदारीण बसमधून उतरताना पाय मुरगळून बसली! तिथली शिकवणारी ताई, गळ्यात शिट्टी, नाकावर पांढरं मलम, म्हणाली, "जोडीदार नाही तर होडी नाही. घरी जावं लागेल." अहो, पोरगी रडली असती तर परवडलं असतं. ती नुसती होडीवर हात ठेवून उभी राहिली...

मी म्हटलं, "मी बसतो!"

ताईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोहता येतं?"

"अजून बुडालोय का?"

झालं. जाकीट असं आवळलं की आत घेतलेला श्वास बाहेर यायला परवानगी मागत होता. मग ताई म्हणते, "आजोबा, एक लक्षात ठेवा. दगड दाखवायचा नाही, मोकळं पाणी दाखवायचं. तुम्ही वल्हं जिकडे कराल, तुमची नात होडी तिकडेच नेणार."

मी दाखवीन तिकडे? न विचारता? तुम्हीच सांगा, असलं वल्हं माझ्या हातात द्यावं का? ज्याने अख्ख्या घराला आवाज न काढता नुसते ओठ हलवायला लावून सख्ख्या मेहुण्याला कानाच्या डॉक्टरकडे धाडलं, त्या माणसाच्या? संथ पाणी होतं, ऊन छान होतं, हात शिवशिवले... गंभीरपणे वल्हं उचललं आणि दाखवलं डावीकडे. नातीने बिचारीने वळवलं, आणि होडी थेट लव्हाळ्यात! एक बगळा असा काही ओरडून उडाला की सगळ्या होड्या खिदळल्या. नात हसली नाही. "आजोबा, पुढे खळाळ आहे. तिथे हे नको." आणि ताई? "पुन्हा असं झालं तर दोघंही काठाने चालत. सामान डोक्यावर!"

खळाळ म्हणजे काय, मला काय ठाऊक? मला वाटलं, पाणी जरा गाणं म्हणत असेल...

आधी आवाज आला. अहो, आवाज कसला, पोटात कुणीतरी ट्रक चालू केला! मग पाहतो तर समोर नदी संपलेली! नुसती कड, आणि कडेपलीकडून पांढरे फवारे वर येतायत नि गडप होतायत. घरांएवढे दगड, आणि त्यांच्यामधून ते पाणी... काय सांगू तुम्हाला, एवढं मोठं, एवढं रागावलेलं आणि एवढं देखणं मी काही पाहिलं नाही जन्मात. माझ्या तोंडून थट्टा निघेना, विचार करा! आणि मी कुठे? पुढे!

ताई आधीच उतरून खाली काठावर उभी होती. तिने बजावलेलं, सगळ्यांनी डावीकडून. पुढच्या होड्या गेल्याही डावीकडून, सुखरूप. आमची शेवटची. आणि कडेवर येतो तो मला दिसलं, की काठावरचं एक अख्खं झाड, मुळांसकट उन्मळून, नुकतंच डाव्या वाटेत आडवं पडलंय! मागून नातीला दिसणं शक्य नाही. ओरडलो, पण माझाच आवाज मला ऐकू येईना. उजवीकडे दोन दगडांमध्ये काळ्या काचेसारखी गुळगुळीत पाण्याची पट्टी होती. उचललं वल्हं, दाखवलं उजवीकडे!

आणि मग आठवलं लव्हाळं.

घशाला कोरड पडली हो, चहूकडे पाणी असून! मागे वळून "अगं, खरंच सांगतोय" म्हणायची सोय नाही, वळलो की होडी उलटी. त्या पाण्यात माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण पोरगी? वल्हं तसंच धरून बसलो. झाड जवळ येतंय...

आणि होडीचं नाक उजवीकडे वळलं. अलगद. लोण्यातून सुरी फिरावी तसं.

उतरलो! दोन्हीकडे पाणी माझ्या कानांएवढं उंच, वर उन्हात तुषारांचे रंग, मधून आम्ही... आणि मागे ते सोळा वर्षांचं पोर त्या राक्षसाला दोन हातांनी सांगतंय, इकडून जाते, थांब जरा! मी बघतच राहिलो. खाली संथ पाण्यात आलो तरी माझं तोंड उघडंच, त्यात अर्धी नदी.

ताई धावत आली. "झाड मला आत्ता दिसलं! शिट्टी मारत होते, ऐकू आली?" कुठली ऐकू येते!

मी नातीला विचारलं, "बाळा, सगळे गेले डावीकडून, आणि तू माझ्यासारख्यावर विश्वास ठेवलास?"

ती वेणी पिळत म्हणाली, "विश्वास? छे! तुम्ही थापा मारता ना आजोबा, तेव्हा तुमचे खांदे हसतात. लव्हाळ्यात घातलंत तेव्हा मागून पाहिलं मी, गदगदा हलत होते. इथे दगडासारखे होते."

घ्या! तोंडावरची सुरकुती हलू न देता जगाला फसवलं हो मी, पण पाठीमागे कोण बघतंय याचा विचारच केला नाही कधी! आणि कार्टीने घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. आता सूनबाई पाण्याचा पेला हातात देते आणि म्हणते, "बाबा, जरा भिंतीकडे तोंड करा बघू... हं, आता सांगा, गोळ्या घेतल्या?"

आणि सांगतो हो मी. भिंतीला.