पानांचं अस्तर

(टायपिंगचं दुकान. टेलरबाई कॉम्प्युटरसमोर, काका शेजारच्या खुर्चीत. काकू कोपऱ्यात पाठमोऱ्या बसून स्टेपलरनं पानं टाचतायत.)

काका : सांगितलं तर तुझा विश्वास बसायचा नाही, टेलरबाई. कुणाचाच बसत नाही. पण एका बाईनं चौकट आखली एकदाच, आणि ती उमटली जाडजूड पुस्तकाच्या पानापानावर!

टेलरबाई : काका, गोष्ट नंतर! दुपारी माझा शिवणाचा पहिला वर्ग, आणि पुस्तकाची ही दशा. पानावर डावीकडे चित्राची चौकट, उजवीकडे मापांची, खाली कापडाचा तुकडा लावायला जागा. सगळी पानं अशीच, एवढंच हवंय मला. पण बाह्यांच्या पानावर एक ओळ वाढवली, की पुढच्या झाडून सगळ्या चौकटी घसरगुंडीवर बसल्यासारख्या खाली!

काका : दिसतंय. झग्याचं चित्र पायजम्याच्या मापांवर जाऊन बसलंय.

टेलरबाई : हसू नका हो. पुस्तक नसेल तर वर्ग दुसऱ्या बाईंना देऊ, असं हॉलवाल्यांनी तोंडावर सांगितलंय. तुम्हीच द्या ना करून.

काका : मला कुठं येतंय? ते खातं तुझ्या काकूचं.

टेलरबाई : मग काकू, तुम्ही तरी...

काका : हळू! अबोला आहे. सकाळी एका गिऱ्हाइकानं पानांचं कौतुक केलं. मी बोलून गेलो, आमचं मशिनच हुशार आहे. तेव्हापासून या दुकानात फक्त स्टेपलर बोलतोय.

टेलरबाई : मशिन? काय हो काका, तुमच्या जिभेला काही हाड?

काका : म्हणून म्हणतो, गोष्ट ऐक. तर ती बाई होती एका मोठ्या कचेरीत. साहेबांचं फर्मान निघालं, अहवालाचं प्रत्येक पान एका साच्यातलं पाहिजे. चार बाप्ये कामाला जुंपले. एक जण चौकटी आखता आखता घरचा रस्ता विसरला. दुसऱ्याला चंद्र चौकोनी दिसायला लागला.

टेलरबाई : काहीतरीच!

काका : मग ही बाई आली. बाह्या सरसावल्या, पेन्सिल अंबाड्यात खोवली...

टेलरबाई : काकू खोवतात तश्शी?

काका : तश्शी. आणि रुबाब काय विचारतेस! ती बसली की टेबलाचे डुगडुगते पाय सरळ व्हायचे.

टेलरबाई : काका, स्टेपलर थांबला.

काका : थांबू दे. तिनं एक चौकट आखली मात्र, मशिनला असा धाक बसला, की पानं शाळेतल्या पोरांसारखी रांगेत उभी. चौकट काही आवरेना! भिंतीवरच्या कॅलेंडरला आली, खिडकीला आली. साहेबांच्या टकलावर तर खाली मधोमध पानाचा नंबर उमटला!

टेलरबाई : अहो पुरे! पण तिनं केलं कसं, तेवढं सांगा.

काका : सोपं आहे. पहिल्या पानावरची चौकट उचलायची, दुसऱ्यावर चिकटवायची. दुसऱ्यावरची तिसऱ्यावर. अशी भराभरा चिकटवली तिनं, की बोटांतून धूर!

काकू : चिकटवली?

काका : कुणी बोललं का गं?

काकू : चिकटवली म्हणे! मी काय पाकिटांवर तिकिटं डकवत होते? एक चौकट चिकटवली नव्हती मी. सरक गं पोरी. आधी या सगळ्या चौकटी पुसून टाक.

टेलरबाई : सगळ्या? राबून राबून काढल्यात हो काकू!

काकू : पूस. आता पानाच्या अगदी वर, त्या कोऱ्या पट्टीत, दोनदा क्लिक कर. मजकूर फिकट झाला?

टेलरबाई : झाला.

काकू : हे हेडर. इथं पुस्तकाचं नाव लिहिलं की पानोपानी दिसतं ना? मग नावाच्या जागी चौकट काढ. आता ती ओढत खाली आण, हवी तिथं. घाबरू नकोस, पानाच्या मध्यावर आली तरी ती हेडरचीच राहते. तशीच मापांची काढ. तुकड्याची काढ. झालं? आता मजकुरावर दोनदा क्लिक करून बाहेर ये, आणि पानं खाली सरकव.

टेलरबाई : अगं बाई! झग्याला आली, बाह्यांना आली... कॉलरलापण! सगळीकडे तीच!

काकू : प्रत्येक कपडा तेवढा नव्या पानावर सुरू कर. आता वाढव तुझी ओळ.

टेलरबाई : वाढवली. हलली नाही! काकू, हे तर अस्तर झालं! वरच्या कापडावर हवी ती कलाकुसर करा, आतलं अस्तर जागच्या जागी.

काकू : अस्तर! इतकी वर्षं हे करतेय, मला हा शब्द सुचला नव्हता.

काका : त्या बाईला सुचला असता.

काकू : तुम्ही गप्प बसा. साहेबांना टक्कल म्हणे! चांगले दाट केस होते त्यांचे.

काका : आणि टेबलाचे पाय?

काकू : पायाखाली कागदाची घडी सरकवली होती मी. त्यात कसला आलाय रुबाब?

टेलरबाई : छापा हो काका, भरभर! वर्गात उभी राहून सांगणार आहे मी, या पुस्तकाचं अस्तर काकूंनी लावलंय. पण काय हो, इतकी वर्षं शेजारी बसून तुम्हाला एवढं जमू नये?

काका : नाही बुवा. मी आपला बटणं दाबणारा. हिच्याशिवाय माझं एक पान सरळ येत नाही.

काकू : खोटं. मीच शिकवलंय त्यांना. आणि आता माझ्यापेक्षा सरळ चौकट काढतात.