जवसाचं पाणी

न्हाय म्हंजे न्हाय, विहीणबाई — भंडारा पोरीच्या डोक्याला लागायचा न्हाय. मोडनिंबाहून आला, चहा प्या, दोन दिस ऱ्हावा, सृष्टी तुमच्या लेकीची लेक हाय — पर जट म्हणू नका. गुंता हाय तो. पूनम दवाखान्यात पडली, माझा शहाजी तिच्यापाशी, मी खाली पायरीवर — पोरीच्या डोक्याला कुणाचा हात लागला? कुणाचाच न्हाय. कुरळे केस, महिनाभर फणी न्हाय, तेल न्हाय — मानेवर गोळा हुनार न्हाय तर काय? ह्यात देवी कुटनं आली? पेठेतल्या बायाबी पाया पडाय लागल्या पोरीच्या. हाकलल्या मी.

चुलीवर व्हय? जवस हाय. उकळायचा, फडक्यातनं गाळायचा, बुळबुळीत पाणी निघतं. आदी शिकेकाई, पातळ, चोळायची न्हाय — मग जास्वंदीचा पाला कुस्करून, मग हे वरनं वतायचं. वलं हाय तवरच बोटानं सोडवायचं, टोकापास्नं वर. कुणी शिकवलं? कुणी न्हाय. जलमभर मेंढरं वळली की — कोरडी लोकर वढली तर मेंढरू वरडतं, एवढं कळतं मला. दर आयतवारी थोडं सुटतं. निम्मं सुटलंय. सात रस्त्याची पार्लरवाली म्हनली, बाबा, कापून टाका. कापलं असतं — पर मागनं पोरीला नुसता ताप आला तरी तुमी त्यालाच बोल लावनार. म्हनून सोडवतोय. पूनमच्या माघारी मला दुसरं काम तरी काय हाय.

फोनवर काय बोलला तुमी पोरीला? तिनं इचारलं मला — आजोबा, मी देवीची हाय का? म्हनलं, न्हाय, तू चौथी ब ची हायेस. हसली न्हाय ती.

देवी कोपंल? कोपू द्या. केराबाई ठावं हाय तुमाला? न्हाय. शहाजीलाबी ठावं न्हाय. माझी थोरली भन. असलेच केस. असाच गोळा झाला, आन बापानं भंडारा लावला. झालं. देवीला सोडली. परडी घिऊन दारोदार — आमच्याबी दारात यायची, आय पीठ वाढायची, तोंडाला पदर लावून. मेली तवा कुणी हात लावंना, मीच कापली ती जट. लई जड हुती, वल्या घोंगड्यावानी. आत काय निघालं? उवा. आन मुळाशी नवे केस — कुरळे, कोकरावानी मऊ. देवी न्हवती, बाई. मी नीट बघितलं. — हे बोलायचं न्हवतं मला. ऱ्हाऊ द्या.

काय? पूनमचेबी असेच हुते? मला काय ठावं — सुनेचा पदर डोईवरनं कधी ढळला न्हाय माझ्याम्होरं. दवाखान्यात बघितले, उशीवर. तेवढेच. … तुमी सोडवायचा व्हय? ताक लावून? आन ती वरडायची? … मग तवा तुमाला जट दिसली न्हाय ती. गुंता दिसला. आईच्या डोळ्यानं बघत हुता की. आता लेक गेली आन तुमाला कारन पायजे. मलाबी पायजे हुतं, न्हाय गावलं. ताप मेंदूत गेला, डाक्टरचा हात पुरला न्हाय — एवढंच. पूनमला देवीनं न्हेलं न्हाय. तिच्यापायी ही दुसरी देऊ नका.

रडू नका हितं, पोरीला ऐकू जातं. — सृष्टे, बस पाटावर, पाणी आनतो. … मोरीत दोघांना जागा न्हाय, विहीणबाई. आन माझी बोटं अलीकडं वाकत न्हाईत. घ्या हे भगुलं, सांबाळून. टोकापास्नं धरा. जा.

मी हितं उंबऱ्यावर बसतो. दार मातर उघडं ऱ्हाऊ द्या.